‘दिसतं ना रे?’ असं विचारून मुलाची नजर कळत नाही

तिसरी-चौथीतल्या मुलाला विचारा, “फळ्यावरचं दिसतं ना रे?” तो “हो” म्हणणार. मालवणीत “तुका दिसता मा रे?” असं विचारलंत तरी “होय” हेच उत्तर येणार. तो खोटं बोलत नसतो. ज्याची नजर जन्मापासून अधू आहे किंवा महिन्यामहिन्यानं उतरत गेली आहे, त्या मुलाला स्वच्छ दिसणं म्हणजे काय हे ठाऊकच नसतं. फळा सगळ्यांनाच असा पुसट दिसतो, माडाच्या झावळ्या सगळ्यांनाच एकमेकींत मिसळलेल्या दिसतात, अशी त्याची समजूत असते. मोठ्या माणसाला चाळिशी लागली की तो पेपर लांब धरतो आणि कुरकुरतो, कारण काल दिसत होतं ते आज दिसत नाही हे त्याला कळतं. मुलाकडे असा ‘काल’ नसतो.

म्हणून मुलाला विचारण्यापेक्षा ते काय करतं ते बघावं. आणि एकेका डोळ्यानं काय करतं ते वेगळं बघावं, कारण एक डोळा चांगला असला की तो दुसऱ्याचं सगळं झाकून नेतो.

शाळांच्या नेत्रतपासणीसाठी मी सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या वाड्यांमधून फिरतो. तिथे गुरुजी-बाईंना आणि पालकांना जे सांगतो, तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

वर्गात आणि वाटेवर दिसणाऱ्या खुणा

सगळ्यांत ओळखीची खूण म्हणजे डोळे बारीक करून बघणं. पालकांना ती वाईट खोड वाटते आणि मुलाला त्यावरून ओरडा बसतो. पापण्या मिटत आणल्या की मधल्या अरुंद फटीतून थोडेच किरण आत जातात. कडेचे विस्कटलेले किरण अडतात आणि चित्र थोडं रेखीव होतं. मुलानं स्वतःच शोधून काढलेला उपाय आहे तो. त्यावरून रागावण्याऐवजी तपासणीला न्यावं.

फळ्यावरून उतरवून घेताना शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारा मुलगा कॉपी करत असतो असं नाही. त्याला फळ्यापेक्षा वही स्पष्ट दिसते. अशी काही मुलं ऐकून पाठ करण्यात तरबेज होतात, तोंडी परीक्षेत पहिली येतात आणि लेखीत शब्द गाळतात. बाई म्हणतात, “हुशार आहे, पण लक्ष नाही.” हे वाक्य कानावर आलं की मी त्या मुलाची तपासणी आधी करतो.

कोकणात आणखी एक सोपी जागा आहे, एसटीचा थांबा. वळणावर गाडी दिसली की मुलं लांबूनच पाटी वाचतात, कणकवली की देवगड. तुमचं मूल नेहमी दुसऱ्यांनी सांगण्याची वाट बघतं का? बंदरावरची मुलं लांबून येणारी होडी रंगावरून, बावट्यावरून कुणाची ते सांगतात. तिथेही एखादं मूल होडी वाळूला लागेपर्यंत गप्प असतं. क्रिकेटमध्ये चेंडू हातात बसतच नाही, उंच कॅच दिसतच नाही म्हणून त्याला कायम लांब सीमेवर किंवा झुडपातला चेंडू आणायला पाठवलेलं असतं. यातली एखादी गोष्ट कुणाच्याही बाबतीत घडू शकते. चार-पाच गोष्टी एकाच मुलात दिसल्या तर मात्र तपासून घ्यायलाच हवं.

एक खूण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. किनाऱ्यावर, भर उन्हात, मूल एकच डोळा मिटतं. दोन्ही नाही, एकच, आणि बहुतेक वेळा तोच. ‘ऊन लागतंय’ म्हणून आपण सोडून देतो. अधूनमधून बाहेरच्या बाजूला सरकणारा तिरळा डोळा असलेल्या मुलांची ही नेहमीची सवय आहे. सावलीत, घरात त्याचे डोळे सरळ दिसतात. थकल्यावर, ताप आल्यावर किंवा मूल तंद्रीत असताना डोळा सरकतो. तो सरकलेला दिसला तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. डॉक्टरांसमोर डोळे बरेचदा शहाण्यासारखे सरळ वागतात, आणि आईचं म्हणणं कुणाला पटत नाही.

मान सतत एका बाजूला कलती ठेवणं, वाचताना ओळ हरवणं, बोट ठेवल्याशिवाय वाचता न येणं, पुस्तक नाकाला लावणं, अभ्यासाला बसलं की पंधरा मिनिटांत डोळे चोळून उठणं, या खुणाही लक्षात ठेवाव्यात.

डोकेदुखीबद्दल मात्र थोडं सावध राहायला हवं. मुलाचं डोकं दुखलं की घरचे थेट चष्म्याच्या दुकानात नेतात. वाचन झाल्यावर संध्याकाळी कपाळ दुखत असेल तर डोळ्याचा संबंध असू शकतो. पण पहाटे-सकाळी उठताच डोकं दुखतं, सोबत उलटी होते, एकाच्या दोन वस्तू दिसतात, असं असेल तर चष्म्याचा विचार सोडून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

नंबर लागतो म्हणजे नेमकं काय होतं

गणपतीत वाडीवर पडदा बांधून सिनेमा दाखवतात. प्रोजेक्टर नीट जुळवल्यावर कुणी पडदाच दोन हात मागे नेला तर चित्र धुरकट होईल. लांबचा नंबर, म्हणजे मायनस नंबर, हा असाच प्रकार आहे. डोळ्याच्या मागच्या भिंतीवर दृष्टिपटल हा पडदा असतो. जन्मताना नेत्रगोल समोरून मागे साधारण १६ ते १७ मिलिमीटर लांब असतो, मोठेपणी २३ ते २४ होतो. वाढीच्या वयात तो गरजेपेक्षा जास्त लांब झाला की चित्र पडद्याच्या अलीकडेच जुळतं आणि लांबचं पुसट दिसतं. एका मिलिमीटरच्या फरकानं सुमारे अडीच ते तीन नंबर लागतो. डोळ्याच्या बाबतीत मिलिमीटर म्हणजे मोठं अंतर.

शाळेच्या वयात मुलाची उंची वाढते तसा नेत्रगोलही वाढतो, म्हणून नंबर बदलत राहतो. चष्मा लावल्यानं तो वाढतो हा समज चुकीचा आहे. उलट मलेशियात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही मुलांना मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिला होता. त्या मुलांचा नंबर पूर्ण नंबर दिलेल्या मुलांपेक्षा जास्त वेगानं वाढला. तेव्हा ‘थोडा कमीच द्या, डोळ्याला सवय नको’ हा हट्ट दुकानदाराकडे धरू नका.

जवळचा नंबर, म्हणजे प्लस, फसवा असतो. यात नेत्रगोल आखूड असतो. पण लहान मुलाच्या डोळ्यातलं भिंग लवचिक असतं. आतला स्नायू आवळला की ते फुगतं आणि कमी पडणारी ताकद भरून काढतं. त्यामुळे हे मूल शाळेतल्या तक्त्यावरच्या सगळ्या ओळी धडाधड वाचतं, आणि ‘नजर उत्तम’ असा शेरा घेऊन घरी येतं. त्याचा स्नायू मात्र दिवसभर राबत असतो. वाचायला बसलं की तो थकतो, डोळे चुरचुरतात, मूल पुस्तक मिटतं. त्याला वाचनाची नावड आहे असं घरी ठरतं. नंबर जास्त असेल तर स्नायूच्या या ओढीनं डोळा आत, नाकाकडे वळायला लागतो. अशा कित्येक मुलांचा तिरळेपणा निव्वळ चष्म्यानं जातो, ऑपरेशनची वेळ येत नाही.

तिसरा सिलिंडर नंबर. बुबुळाची गोलाई उभ्या-आडव्या दिशेला सारखी नसली की काही रेघा ठळक, काही फिकट दिसतात. लांब-जवळ दोन्हीकडे अक्षरांना सावली येते.

आळशी डोळा

या सगळ्यात घाई करायला लावणारी गोष्ट हीच आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

पाहणं हे निम्मं डोळ्याचं आणि निम्मं मेंदूचं काम. पहिल्या सात-आठ वर्षांत मेंदू दोन्ही डोळ्यांकडून येणारी चित्रं जुळवायला शिकत असतो. एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असेल, किंवा एक डोळा तिरळा असेल, तर त्या डोळ्याकडून येणारं चित्र मेंदूला अडचणीचं ठरतं. तो ते बाजूला सारायला लागतो. वर्षानुवर्षं असं झालं की त्या डोळ्यासाठीच्या जोडण्या कच्च्याच राहतात. पुढे विसाव्या वर्षी कितीही चांगला चष्मा दिला तरी त्या डोळ्यानं तक्त्याच्या वरच्या दोन-तीन ओळींपलीकडे जाता येत नाही. डोळा बाहेरून अगदी छान दिसतो आणि तपासणीत आतही रोग सापडत नाही. यालाच आळशी डोळा म्हणतात. मूल मात्र आळशी नसतं, हे आधीच सांगून ठेवतो.

देवगड भागातल्या एका शाळेत पहिलीतली एक मुलगी आजीसोबत आली होती. दोन्ही डोळे उघडे असताना तिनं सगळी ओळ सांगितली. तिचा डावा डोळा झाकला, तरी ती शांतपणे सांगत राहिली. मग उजवा झाकला. तिनं मान फिरवली, माझा हात ढकलला, पुन्हा झाकल्यावर हाताच्या कडेनं डोकावायला लागली. आजी म्हणाली, “लाजता ती.” लाजणारं मूल दोन्ही वेळा लाजतं. एकच डोळा झाकल्यावर जे मूल चिडतं, त्याचा उघडा राहिलेला डोळा अधू असण्याची शक्यता मोठी. हिचा डावा डोळा चांगलाच अधू होता. ती फळा वाचायची, चालताना धडपडायची नाही, घरात कुणाला शंकाही नव्हती. उजवा डोळा दोघांचं काम करत होता.

उपाय साधा आहे आणि कंटाळवाणा आहे. आधी योग्य नंबरचा चष्मा. तेवढ्यानं भागलं नाही तर चांगल्या डोळ्यावर रोज ठरावीक तास पट्टी, म्हणजे मेंदूला अधू डोळ्याकडे वळावंच लागतं. पूर्वी दिवसभर पट्टी लावायचे. मध्यम स्वरूपाच्या आळशी डोळ्यात रोज २ तासांची पट्टी ६ तासांइतकीच उपयोगी पडते, हे २००३ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. तास किती ते डॉक्टरच ठरवतील. सातव्या वर्षाच्या आत सुरुवात झाली तर फायदा सर्वांत जास्त. सात ते बारा वर्षांच्या मुलांतही बऱ्याच जणांची नजर सुधारते, हे २००५ च्या अभ्यासात दिसल्यापासून ‘आता उशीर झाला’ म्हणून हात वर करायचं कारण उरलेलं नाही. पट्टी लावून मुलाला नुसतं बसवू नका. चित्र रंगवणं, वळेसर म्हणजे फुलांचे गजरे ओवणं, तांदूळ निवडणं असं काही बारीक काम द्या.

तिरळा डोळा नशीबवान असतो, मोठेपणी आपोआप सरळ होतो, असं अजूनही ऐकतो. तान्ह्या बाळाचं नाक बसकं असलं की डोळे तिरळे असल्याचा नुसता भास होतो आणि तो वयाबरोबर जातो. या समजुतीचा उगम बहुधा तिथे असावा. पण शाळकरी मुलाचा खरोखरचा तिरळेपणा नुसती वाट बघून जाईल असं धरून चालू नका.

खळ्यात करता येणारी चाचणी

डोळ्यांचा तक्ता १८६२ साली हर्मन स्नेलन या डच डॉक्टरानं तयार केला, आणि आजही तोच, थोड्या फरकानं, भिंतीवर लटकतो. ६/६ म्हणजे निकोप डोळ्याला ६ मीटरवरून जे वाचता येतं ते याही डोळ्याला ६ मीटरवरून वाचता आलं. ६/१८ म्हणजे निकोप डोळा जे १८ मीटरवरून वाचतो, त्यासाठी या डोळ्याला ६ मीटरपर्यंत जवळ यावं लागलं. हे टक्के नाहीत किंवा चष्म्याचा नंबरही नाही.

घरी तक्ता नसला तरी चालेल. चौकटीच्या वहीतल्या कागदावर काळ्या स्केचपेननं इंग्रजी ‘ई’ काढा. १५ मिलिमीटर उंच, १५ रुंद, तिन्ही दांडे ३ मिलिमीटर जाड आणि मधल्या फटीही ३ मिलिमीटर. तो पुठ्ठ्यावर चिकटवा. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, सकाळच्या उजेडात ६ मीटर, म्हणजे साधारण २० फूट, मोजून रेघ मारा. मुलानं रेघेवर उभं राहून ‘ई’चे दांडे कुठे तोंड करून आहेत ते हातानं दाखवायचं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. अक्षरओळख नसलेलं मूलही हे करतं. निकोप डोळ्याला एवढा ‘ई’ जवळजवळ १० मीटरवरून कळतो. आपण ६ वरून विचारतोय, म्हणजे सवलत देतोय. प्रत्येक डोळ्याला पाच वेळा पुठ्ठा फिरवून विचारा. पाचपैकी चार बरोबर आले नाहीत, किंवा एका डोळ्याला जमलं आणि दुसऱ्याला नाही, तर तपासणीला न्या.

यात फसगत होते ती डोळा झाकताना. बोटांनी झाकला की मूल फटीतून बघतं. हाताचा तळवा थोडा खोलगट करून ठेवायला सांगा, आणि डोळा दाबायचा नाही, कारण दाबलेला डोळा उघडल्यावर दोन मिनिटं पुसटच दिसतं. शाळेत रांगेत मागे उभी असलेली मुलं पुढच्याचं ऐकून आख्खा तक्ता पाठ करतात. एकानं तर भिंतीकडे न बघताच मला शेवटची ओळ म्हणून दाखवली. फिरवता येणारा ‘ई’ म्हणूनच बरा. आणि ही तपासणी जुलैत कौलारू वर्गात, वीज गेलेली असताना करू नका. अर्धा वर्ग नापास होईल.

मूल अडलं तर अजून एक करून बघा. जाड कागदाला दाभणानं छोटं भोक पाडा आणि त्यातून तोच ‘ई’ बघायला सांगा. भोकातून नीट दिसला तर बहुधा चष्म्यानं काम होईल. भोकातूनही नाही दिसला तर आळशी डोळा किंवा आतला एखादा आजार असू शकतो, तेव्हा चष्म्याच्या दुकानात न जाता नेत्रतज्ज्ञाकडे जायचं.

या चाचणीत पास झालेल्या मुलालाही वर सांगितलेला प्लस नंबर असू शकतो. खुणा दिसत असतील तर पास झालं म्हणून थांबू नका.

थेंब घालूनच तपासा

मुलाची पहिली तपासणी नुसत्या कॉम्प्युटरवर करून चष्मा बनवू नये, हे माझं ठाम मत आहे. यंत्रात डोकावताना मुलाच्या डोळ्यातला तो जवळचं बघणारा स्नायू आवळतो, आणि यंत्र नसलेला मायनस नंबर दाखवतं किंवा असलेला प्लस नंबर लपवतं. म्हणून डोळ्यात औषध घालून स्नायू ढिला करतात आणि मग नंबर काढतात. या औषधानं बाहुली मोठी होते, उजेड टोचतो, जवळचं वाचता येत नाही. काही थेंबांचा परिणाम दिवसभरात उतरतो, अ‍ॅट्रोपिनचा एक-दोन आठवडेही राहतो. आधी कुणी सांगितलेलं नसलं की आईचा जीव घाबरा होतो. घाबरू नका, फक्त परीक्षेच्या आठवड्यात जाऊ नका आणि येताना टोपी न्या.

हेच अ‍ॅट्रोपिन अगदी सौम्य करून रोज रात्री एक थेंब, असा उपाय भराभर वाढणारा मायनस नंबर आवरण्यासाठी काही मुलांना देतात. त्यानं नंबर उतरत नाही, वाढ मंदावते. कुणाला द्यायचं ते डॉक्टर ठरवतात.

वाढ आवरण्याहून सोपं काम म्हणजे नंबर लागण्याचं वय पुढे ढकलणं, आणि त्याला उघड्यावरचा उजेड लागतो. चीनमधल्या ग्वांगझूमध्ये पहिलीतल्या मुलांना रोज ४० मिनिटांचा जादा मैदानी तास दिला. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला होता, जादा तास नसलेल्या शाळांत तो ३९.५ टक्क्यांना लागला. हा निकाल २०१५ साली प्रसिद्ध झाला. दिवसाच्या उजेडात दृष्टिपटलात डोपामिन नावाचं रसायन तयार होतं आणि ते नेत्रगोलाची लांबी आवरतं, असं यामागचं कारण मानलं जातं. आंब्याच्या सावलीतही घरातल्या ट्यूबलाइटच्या अनेकपट उजेड असतो, त्यामुळे उन्हातच उभं राहायला हवं असं नाही. गावचं मूल आपसूकच दिवसभर बाहेर असतं, हे गृहीतक मला आता पटत नाही. पडवीच्या कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसलेलं मूल गावात असलं काय आणि डोंबिवलीत असलं काय. त्यात पावसाचे चार महिने. उघडीप मिळाली की त्यांना बाहेर काढा.

गाजर खाऊन नंबर जात नाही. पालेभाजी, पपई, आंबा, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, पावसातला टाकळा आणि मासळी यांचा उपयोग वेगळा आहे. त्यांतून अ जीवनसत्त्व मिळतं आणि ते कमी पडलं की रातांधळेपणा येतो. पहिल्या पावसात बॅटरी घेऊन कुर्ल्या पकडायला निघालेल्या पोरांत एखादं चाचपडत, दुसऱ्याचा हात धरून चालत असेल, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखा कोरडा ठिपका दिसत असेल, तर लगेच दाखवा. खाणंपिणं चांगलं असूनही अंधारात दिसत नसेल, आणि विशेषतः आईवडील नात्यातले असतील, तर दृष्टिपटलाचा आनुवंशिक आजार तपासावा लागतो.

रातांबे न सापडणारी मुलं

पिकलेले रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, हिरव्या पानांत लालबुंद उठून दिसतात. काही मुलगे झाडाखाली उभे राहूनही ते पटकन शोधू शकत नाहीत, नजर ६/६ असूनही. लाल-हिरव्याचा फरक त्यांना नीट कळत नाही. दोष बहुधा आईकडून येतो आणि मुलींपेक्षा मुलग्यांत कितीतरी जास्त आढळतो. त्यावर औषध नाही, पण नकाशा चुकीचा रंगवला म्हणून मार बसू नये एवढ्यासाठी तरी गुरुजींना माहीत हवं. किनाऱ्यावर याला आणखी महत्त्व आहे. होडीच्या डाव्या बाजूचा दिवा लाल, उजव्या बाजूचा हिरवा. मर्चंट नेव्हीच्या वैद्यकीय तपासणीत रंगदृष्टी बघतात. बारावीनंतर, घरच्यांनी पैसे जमवल्यावर, हे पहिल्यांदा कळणं फार वाईट. आठवीत-नववीत ठिपक्यांतले आकडे ओळखायची इशिहारा चाचणी करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

वाट बघायची नाही अशा गोष्टी

फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरट चमकते, विशेषतः घरातल्या पाच वर्षांच्या आतल्या भावंडाची. हा डोळ्याच्या कर्करोगाचा इशारा असू शकतो, मोतीबिंदूही असू शकतो. त्याच आठवड्यात दाखवा. नजर अचानक गेली, डोळ्याला विटी, बाण किंवा फटाका लागला, तर चोळू नका, काही घालू नका, थेट रुग्णालयात न्या. पानाचा चुना किंवा काजूचा चीक उडाला तर मात्र आधी स्वच्छ पाणी, सलग पंधरा-वीस मिनिटं धार धरून, आणि मग गाडी शोधायची. मध, एरंडेल, अंगावरचं दूध यांतलं काहीही डोळ्यात नको.

सतत डोळे खाजणारी, चोळणारी मुलं बहुतेक अ‍ॅलर्जीची असतात. मेडिकलमधून एकदा आणलेल्या थेंबांनी बरं वाटतं, मग घरचे तेच पुन्हा पुन्हा आणतात. त्यांत स्टेरॉइड असेल तर महिनोन्‌महिने घातल्यानं काचबिंदू किंवा मोतीबिंदू होऊ शकतो, तोही दहा-बारा वर्षांच्या मुलाला. जोरात चोळण्याच्या सवयीनं काही जणांचं बुबुळ पातळ होऊन टोकदार होत जातं आणि सिलिंडर नंबर दर काही महिन्यांनी बदलतो.

चिठ्ठी दप्तरात राहते

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला, तोही आपल्या पालघरहून. त्यात वैद्यकीय पथक वर्षातून एकदा सरकारी शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतं. नजर हा त्या तपासणीचा भाग आहे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम तर १९७६ पासूनचा, त्यातून गरजू शाळकरी मुलांना मोफत चष्मे मिळतात. ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी असतात, त्यापुढे कणकवली-सावंतवाडीसारखी उपजिल्हा रुग्णालयं. व्यवस्था कागदावर वाईट नाही.

गाडी अडते ती पुढे. मुलाच्या हातात संदर्भ चिठ्ठी दिली जाते आणि ती दप्तराच्या तळाशी, चिंचेच्या बिया आणि पेन्सिलीच्या टोकांबरोबर, पुढच्या वर्षी सापडते. आईनं वाचली तरी बाबा होडीवर, एसटी सकाळी एकच, आणि मार्च ते मे घरातलं प्रत्येक माणूस काजू-आंब्यात. ही कारणं खोटी नाहीत. म्हणून शाळांना मी सांगतो, चिठ्ठी मुलाकडे न देता पालकसभेत आईच्या हातात द्या, आणि चार-पाच मुलांना एकाच दिवशी, एका मोठ्या माणसाबरोबर पाठवा. एका शाळेनं तसं केलं, तर रिक्षाचं भाडं वाटून निघालं आणि सगळी मुलं चष्मा घेऊन आली.

चष्मा आला तरी तो नाकावर राहत नाही. “ढापण्या” म्हणून चिडवतात, मुलींच्या बाबतीत ‘पुढे लग्नाला अडेल’ असं आजही घरातच बोललं जातं. पुढे नंबर स्थिर झाल्यावर, अठरा वर्षांनंतर, लेझरचा पर्याय बऱ्याच जणांना असतो. तोवर अभ्यास वाया का घालवायचा? चीनमधल्या ग्रामीण शाळांत मोफत चष्मे दिलेल्या मुलांचे गणिताचे गुण वाढले, हे २०१४ मध्ये एका मोठ्या चाचणीतून प्रसिद्धही झालं आहे. फ्रेम मुलाला स्वतः निवडू द्या, निम्मं काम तिथेच होतं.

आपल्या खाऱ्या हवेत धातूच्या फ्रेमचे स्क्रू गंजतात, बिजागरी हिरवी पडते, म्हणून प्लॅस्टिकची फ्रेम आणि न फुटणारी, काच नसलेली भिंगं घ्यावीत. वाळू बसलेला चष्मा शर्टानं पुसला की ओरखडे उठतात, तेव्हा आधी पाण्याखाली धरून मग पुसायचा. मायनस नंबरवाल्या मुलाची दर सहा महिन्यांनी ते वर्षानं तपासणी करायची. आणि मोठ्या भावाचा जुना चष्मा धाकट्याला लावायचा नाही, दोघांची तक्रार एकच वाटत असली तरी.